रिमोट ड्रायव्हरचा, फायरमनचा नाही

या कार्यक्रमात आम्ही गटातल्या बायका दर वेळी एखादं यंत्र उघडून दाखवतो. मिक्सर झाला, शिलाई मशीनची मोटर झाली, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट झाला. आजचं यंत्र जरा वेगळं आहे. खरोखरच्या वाफेवर चालणारं, हातभर लांबीचं आगगाडीचं इंजिन, आणि त्याला रिमोट कसा बसवायचा, हा आजचा विषय.

आता कुणी म्हणेल, हौशी माणसाच्या खेळण्याचं आपल्याला काय? तर या खेळण्यात तीन गोष्टी खऱ्या आहेत. आग खरी, गॅस खरा आणि दाबाखालचं उकळतं पाणी खरं. या तिन्हींशी आपला रोजचा संबंध आहे. आणि लांबून चालणारी यंत्रं आता घरोघरी, शेतोशेती आली आहेत. म्हणून हे इंजिन नीट समजून घेतलं तर पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

मांजरीकरांना रेल्वे नवी नाही. पुणे-दौंड मार्गावर आपलं मांजरी बुद्रुक स्टेशन आहे, दिवसरात्र गाड्यांचा आवाज कानावर असतो. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. पुढे १८५८ च्या जून महिन्यात खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. त्या काळापासून शंभरएक वर्षं वाफेच्या इंजिनावर एक नेम होता. तिथे एकटा माणूस कधी नसायचा. एक ड्रायव्हर आणि दुसरा फायरमन हवाच.

दोघांची कामं वेगळी. ड्रायव्हर रेग्युलेटर उघडून वाफ सोडतो, पुढे जायचं की मागे याचा दांडा हलवतो, ब्रेक लावतो, शिट्टी देतो, समोरचा रस्ता आणि सिग्नल बघतो. फायरमन कोळसा घालतो, बॉयलरमध्ये पाणी घेतो आणि काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघत राहतो. गाडी ड्रायव्हर चालवतो हे खरं, पण ती सुखरूप राहते ती फायरमनच्या नजरेमुळे. पाणी कमी झालं आणि आग चालू राहिली, तर काय होतं ते पुढे सांगतो.

आजची मुख्य गोष्ट एवढीच लक्षात ठेवा: रिमोट ड्रायव्हरचं काम करतो, फायरमनचं करत नाही.

पुण्यात लहान आगगाड्या बघायच्या तर दोन जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. एक पेशवे पार्कातली फुलराणी. ती १९५६ साली सुरू झाली आणि पुण्यातल्या कितीतरी पिढ्या तीत बसल्या. दुसरी जागा म्हणजे कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याजवळचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे एक छोटं शहरच मांडलेलं आहे आणि त्यातून विजेवरच्या गाड्या धावतात. कळ दाबली की गाडी निघते, वीज तोडली की जागच्या जागी थांबते. मुलांना घेऊन जरूर जा.

पण विजेवरच्या गाडीत आणि वाफेच्या गाडीत मोठा फरक आहे. विजेची गाडी बंद केली की खरोखर बंद होते. वाफेच्या इंजिनाला बंद करायचं बटण नसतं. रेग्युलेटर बंद केला की चाकं थांबतात, पण खाली आग जळतच असते, पाणी उकळतच असतं आणि दाब चढतच असतो. चुलीवरचं भांडं बाजूला ठेवलं म्हणून चूल विझत नाही, तसंच हे.

हे इंजिन म्हणजे आडवा ठेवलेला प्रेशर कुकर समजा. बॉयलर तांब्याचा असतो. आपल्या कुकरच्या शिट्टीचं वजन साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचं असतं, आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं. या लहान इंजिनांचा दाब बहुधा पावणेतीन किलोच्या आसपास असतो, आणि आतलं पाणी सुमारे १४० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे दिसायला कुकरपेक्षा लहान, पण दाब अडीचपटीहून जास्त. कुकरला असतो तसा यालाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तो आपोआप वाफ सोडतो. बॉयलरच्या पोटातून एक नळी जाते, तिच्यात गॅसची ज्योत जळते. गॅस असतो ब्युटेन, सिगारेट लायटरमध्ये असतो तो. वाफ बॉयलरमधून रेग्युलेटरमधून जाते, दोन सिलेंडरमधले दट्टे पुढे-मागे ढकलते, आणि चाकं फिरतात.

आम्ही ज्या इंजिनावर काम केलं ते आमच्या आळीतल्या एका आजोबांचं. सगळे त्यांना नाना म्हणतात. रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर पुतण्याने हे इंजिन आणून दिलं. अंगणात ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळाचा फेरा टाकला आहे, तुळशीवृंदावनाला वळसा घालून जातो. गाडी सुटली की गल्लीतली पोरं कुंपणाला लागून उभी असतात. पण रेग्युलेटर इंजिनाच्या केबिनमध्ये, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर. वेग कमी-जास्त करायचा तर गाडीबरोबर ओणवं होऊन चालायचं आणि बोटाने तो इवलासा दांडा हलवायचा. नानांचे गुडघे गेलेले, हाताला कंप. दोनदा बोटं भाजली. सुनेने स्पष्ट सांगितलं, "नाना, आता बास. इंजिन कपाटात ठेवा." नाना काही बोलले नाहीत, पण चार दिवस नीट जेवले नाहीत. मग सूनच आमच्याकडे आली. आमच्या गटातल्या दोघी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत वायरिंगच्या कामाला होत्या, सोल्डरिंगला हात बसलेला आहे. म्हटलं, बघूया.

सगळ्यात आधी आम्ही इंजिनाला हात न लावता कागदावर दोन यादी केल्या. एका बाजूला ड्रायव्हरची कामं, दुसऱ्या बाजूला फायरमनची. ड्रायव्हरच्या यादीत रेग्युलेटर आणि दिशेचा दांडा. या दोन गोष्टींना मोटर लावायची. फायरमनच्या यादीत पाणी भरणं, गॅस भरणं, ज्योत लावणं, ज्योत कमी-जास्त करणं, तेल घालणं. यातलं काहीच रिमोटवर घ्यायचं नाही, असं ठरवलं. गॅसच्या कॉकलाही मोटर लावता येते. पण ज्योत फार बारीक झाली आणि वाऱ्याने विझली, तर न जळलेला गॅस बाहेर येत राहतो, आणि ते वीस फुटांवरून दिसत नाही. जिथे डोळा लागतो तिथे हातही माणसाचाच हवा.

लांबून यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कला लोकांसमोर एक छोटी होडी बिनतारी लहरींनी चालवून दाखवली होती. आज तेच काम चार वस्तूंत होतं. हातात धरायचा ट्रान्समीटर, इंजिनात बसणारा रिसीव्हर, बॅटरी, आणि सर्वो नावाच्या दोन लहान मोटरी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशा वस्तू मिळतात. आजकालचे ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, घरातल्या वायफायच्याच पट्ट्यात, आणि अशा कमी शक्तीच्या खेळाच्या रिमोटला वेगळा परवाना लागत नाही.

सर्वो साध्या मोटरसारखी गरगर फिरत नाही. तिला सांगाल तेवढ्या कोनात जाऊन ती थांबते आणि तिथेच धरून ठेवते. तिला तीन तारा असतात. लाल म्हणजे अधिक, काळी किंवा तपकिरी म्हणजे उणे, आणि तिसरी पांढरी, पिवळी किंवा नारिंगी, ती हुकमाची. रिसीव्हर त्या तारेवरून सेकंदाला साधारण पन्नास वेळा कुठे उभं राहायचं ते सांगतो. म्हणूनच सर्वोने रेग्युलेटर पाव उघडा, अर्धा उघडा, असा बारकाईने धरता येतो. सर्वो घेताना आत धातूची चाकं असलेली घ्या. प्लास्टिकची चाकं उष्णतेत आणि ओढीत टिकत नाहीत.

आता बसवण्याचं काम. सगळं काम इंजिन थंड, रिकामं, गॅसची टाकी मोकळी असतानाच करायचं.

पहिली गोष्ट जागा. सर्वो केबिनमध्ये बसतात, कारण दांडे तिथे आहेत. पण बॉयलरचा मागचा पत्रा तापतो, त्याला चिकटवू नका. आम्ही पितळी पट्टीचा छोटा कंस केला, बॉयलर आणि सर्वोमध्ये बोटभर मोकळी जागा सोडली आणि मधे बुचाच्या लाकडाची पातळ चकती उभी केली. रिसीव्हर आणि बॅटरी मागे जोडलेल्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये ठेवली. बॅटरी आणि गॅसची टाकी कधीही एका कप्प्यात ठेवायची नाही. इंजिन ते टेंडर जाणाऱ्या तारा सिलिकॉनच्या वेष्टणाच्या घ्या, साधं वेष्टण गरम पाइपाला लागलं की वितळतं. वळणावर ताण येऊ नये म्हणून तारेला थोडी ढील ठेवा.

दुसरी गोष्ट जोडणी. सर्वोच्या हातापासून रेग्युलेटरच्या दांड्यापर्यंत कडक स्टीलची तार जाते. तिची टोकं इंग्रजी झेड अक्षरासारखी दुमडली की ती भोकातून निसटत नाही. तार जोडण्याआधी दांडा बोटाने फिरवून बघा. तो मऊ फिरला पाहिजे. घट्ट असेल तर आधी तो दोष काढा, सर्वोवर ढकलू नका. मग ट्रान्समीटरवर दोन्ही टोकं ठरवायची. रेग्युलेटर पूर्ण बंद झाला की सर्वोनेही तिथेच थांबायला हवं. दांडा टेकला तरी सर्वो ढकलत राहिली तर ती गुणगुणते, तापते आणि बॅटरी खाते. गुणगुण ऐकू आली की टोक थोडं मागे घ्या.

तिसरी गोष्ट अँटेना. रिसीव्हरची बारीक तार पितळी डब्यात कोंडली तर लहरी आत पोचत नाहीत. तिचं शेवटचं टोक धातूच्या बाहेर, वरच्या बाजूला राहू द्या. रंगाने ते झाकता येतं, पत्र्याने नाही.

चौथी गोष्ट ओल आणि तेल. इंजिन चालताना गरम पाण्याचे आणि तेलाचे थेंब उडतात. रिसीव्हरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तरी चालते, फक्त तारांचं तोंड खालच्या बाजूला ठेवा.

एवढं झालं की गाडी चालेल. पण काम इथे संपत नाही. खरा प्रश्न यानंतरचा: लहरी तुटल्या तर इंजिनाने काय करायचं?

समजा गाडी वेगात आहे आणि ट्रान्समीटरची बॅटरी संपली, किंवा तो हातातून पडून बंद झाला. काहीच ठरवलेलं नसेल तर सर्वो शेवटचा हुकूम धरून बसण्याची शक्यता असते. म्हणजे रेग्युलेटर उघडा आणि गाडी धावतेच आहे, समोर वळण आहे, वळणाशी पोरं आहेत. यासाठी चांगल्या रिसीव्हरमध्ये फेल-सेफ नावाची सोय असते. लहरी तुटल्या की कुठे जायचं, हे आपण आधीच शिकवून ठेवायचं. आम्ही शिकवलं, रेग्युलेटर पूर्ण बंद आणि दिशेचा दांडा मधोमध. दांडा मध्ये असला की रेग्युलेटर थोडा गळका असला तरी इंजिन ओढत नाही. हे शिकवून झाल्यावर चाकं वर उचलून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून बघायचा. दोन्ही दांडे आपापल्या जागी गेले, तरच पुढे जायचं. ही परीक्षा प्रत्येक वेळी गाडी काढण्याआधी करायची, एकदाच करून सोडून द्यायची नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी सांगायला दुकानदारसुद्धा विसरतात. फेल-सेफ लहरी तुटल्या तर काम करतो. इंजिनातलीच बॅटरी संपली तर तो काहीही करू शकत नाही, कारण सर्वो हलवायला वीजच नसते. म्हणून इंजिनातली बॅटरी दर वेळी पूर्ण चार्ज करूनच बसवायची. गॅस एका भरण्यात साधारण वीस ते तीस मिनिटं चालतो, चार्ज केलेली बॅटरी त्याच्या कितीतरी जास्त. अर्धवट बॅटरीवर "एक फेरी मारू" असं करायचं नाही. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग इंजिनाची कळ. बंद करताना उलट, आधी इंजिन, मग ट्रान्समीटर.

आता फायरमनचं काम, जे रिमोट करत नाही. आधी बॉयलरमध्ये पाणी, मोजून. पाणी शक्यतो पावसाचं गाळलेलं किंवा डिस्टिल्ड, बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो. मग तेल. मग गॅस, उघड्यावर, आजूबाजूला विडी, उदबत्ती, निरांजन काही नको, आणि इंजिनाची कळ बंद. घरच्या सिलेंडरमधला गॅस या टाकीत कधीही भरायचा नाही. त्यात प्रोपेन मिसळलेला असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा खूप जास्त, आणि ही टाकी त्यासाठी बनवलेली नसते.

या इंजिनांत एक शहाणपणा केलेला असतो. गॅसची टाकी एवढीच लहान ठेवतात की पाणी संपायच्या आधी गॅस संपावा. आपण कुकर कोरडा पडू देत नाही, तेच इथे आहे. कोरड्या बॉयलरला ज्योत लागली तर तांब्याचे सांधे जातात, आणि मग दाब धरण्याची ताकद जाते. म्हणून नियम साधा: पाणी भरल्याशिवाय दुसऱ्यांदा गॅस भरायचा नाही. मुलं "अजून एकदा, अजून एकदा" करतात, तेव्हाच हा नियम मोडला जातो. मोठ्या इंजिनांत पाणी कमी झालं तर वितळणारी शिशाची खुंटी असायची, आपल्या कुकरच्या झाकणावरही वितळणाऱ्या धातूचा सेफ्टी प्लग असतो. पण ती शेवटची वाट आहे. तिच्यावर विसंबून स्वयंपाक करत नाहीत.

पहिली वाफ आम्ही पोरांना न बोलावता धरली. सुनेने अंगणात पाण्याची बादली आणि जाड सुती हातमोजे आणून ठेवले. पाणी आणि गॅस नानांनी स्वतः भरला, स्टुलावर बसून, इंजिन टेबलावर ठेवून. हे टेबल ही कामाची गोष्ट ठरली. भरण्याचं काम कमरेच्या उंचीवर आलं आणि पळवण्याचं काम हातातल्या डब्यात आलं, म्हणजे ओणवं व्हायची वेळच उरली नाही. हाताला कंप असला तरी ट्रान्समीटरच्या दांड्याला तो बाधत नाही, कारण आम्ही दांड्याची चाल मंद करून ठेवली आहे. अंगठा थोडा हलला तरी रेग्युलेटर झटकन उघडत नाही. नाना खुर्चीवर बसून गाडी चालवतात. नातीने विचारलं, "आता मी चालवू?" तर म्हणाले, "चालव की. पण आधी पाणी बघायला शीक." आता ती आठवीतली मुलगी पाणी भरते, तेल घालते, फेल-सेफची परीक्षा घेते आणि मगच रिमोट हातात घेते.

मैत्रिणींनो, आपल्याकडे शेतात मोटरीला मोबाइल स्टार्टर आलेत. फोन लावला की विहिरीवरची मोटर सुरू. रात्री अंधारात जायला नको, विंचू-सापाची भीती नको, सोय मोठी आहे. पण विहिरीत पाणी आहे का, हे फोन बघत नाही. पाणी नसताना मोटर चालली की ती जळते, म्हणून कोरड्या मोटरीला बंद करणारी सोय त्या स्टार्टरमध्ये आहे का ते विचारून घ्या. आणि वीज परत आली की आपोआप सुरू होणारी मोटर असेल, तर विहिरीशी कुणी जाळी साफ करायला उतरलेलं आहे का, हेही ती बघत नाही. तिथे काम करायचं तर आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात.

म्हणून लांबून चालणारं कुठलंही यंत्र घरात आलं की तीन प्रश्न विचारा. हा लांबचा हात नेमकं काय करतो? तो काय बघत नाही? आणि संपर्क तुटला तर यंत्र कुठे जाऊन थांबतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला देता आलं नाही, तर ते यंत्र चालू असताना रिमोट मुद्दाम बंद करून बघा. आणि हे बघताना आसपास मुलं नकोत.